तीन जावई आणि एक अनंत

सासूबाई पुण्याला गुडघा बदलायला निघाल्या, तेव्हा मी त्यांच्या सामानाची यादी करून फ्रीजवर लावली होती. औषधं, जुने रिपोर्ट, चष्म्याची जास्तीची जोडी, जपमाळ, आणि गाऊन, जो त्या घालणार नाहीत हे माहीत असूनही. त्यांनी ती यादी वाचली नाही. माझी कुठलीच यादी त्या वाचत नाहीत. फ्रीजला चिकटवलेला कागद म्हणजे फ्रीजला झालेला त्वचारोग आहे, अशा नजरेनं त्या त्याच्याकडे बघतात. गाडीत बसताना त्यांनी मला एवढंच सांगितलं:

"अनंताकडं बघ. फुलं यायच्या आत मी येते. अन् मेलं तर मला आणू नको."

"असं काय बोलता, आई?"

"मग काय बोलू? येऊन तुझ्या याद्या बघत बसू?"

गाडी गेली. मी फ्रीजवरच्या 'रोजची कामं' या यादीत शेवटी एक ओळ लिहिली: अनंत, पाणी. मग दार लावून घेतलं. काम लिहून ठेवलं की ते निम्मं झालं, असं मी बरीच वर्षं मानत आले होते.

हा अनंत आमच्या गारखेड्याच्या रो-हाउसच्या ओट्यावर, निळ्या ड्रमच्या कापलेल्या अर्ध्या भागात उभा असतो. सासऱ्यांची बदली अजिंठ्याला होती तेव्हा क्वार्टरच्या मागच्या झाडाची गुटी बांधून आईंनी तो आणला. जगभरातून माणसं अजिंठ्याला लेणी बघायला येतात. आमच्या आई तिथं इतकी वर्षं राहिल्या, लेणी एकदाच पाहिली, तीही पाहुणे आले म्हणून. "अंधारात काय दिसतंय डोंबलं," हा त्यांचा त्या कलेवरचा अभिप्राय. तिथून त्यांनी आठवण म्हणून आणली ती ही फांदी. बुंध्याला खाली एक वाकडी खूण आहे. सामान हलवताना ट्रकमध्ये तार रुतली, ती झाडानं अंगात मुरवून घेतली. दर उन्हाळ्याच्या शेवटी त्याला पांढरी, जाड पाकळ्यांची फुलं येतात. पहिलं फूल आई स्वतःच्या अंबाड्यात खोवतात. देवाचा नंबर दुसरा. देवाला रोज कुणी ना कुणी काहीतरी वाहतंच, आपल्याला कोण देतंय, असा त्यांचा हिशेब.

आता पाण्याबद्दल सांगायला हवं. आमच्या शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण नळ आपल्या जुन्या सवयीनं कितीतरी दिवसांच्या अंतरानं येतो, आणि आला की घरातली माणसं लग्नाची वरात आल्यासारखी धावतात. मी चिकलठाण्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. नटबोल्टपासून ग्रीसपर्यंत सगळ्याची आवकजावक माझ्या हातून होते. घरचं पाणीही मी त्याच शिस्तीत बसवलंय. नळाचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला. बोअरचं खारं पाणी अंघोळीला आणि धुण्याला. नळ लांबला की प्यायलाही बोअरचंच, आरओच्या मशीनमधून काढून. आणि त्या मशीनमधून जे वाया जातं, ते खाली लावलेल्या बादलीत, झाडांना. या बादलीचा मला फार अभिमान होता. कॉलनीतल्या हळदीकुंकवात मी यावर भाषण दिलंय. दोघीतिघींनी माझं बघून घरी बादल्याही लावल्या.

आई होत्या तोवर अनंताला पाणी त्याच घालायच्या. माझा त्यात हात नव्हता. आता तो माझ्या यादीत आला, म्हणून मी त्याला रीतसर आरओच्या बादलीवर घेतलं. रोज सकाळी, चहाच्या आधी, एक तांब्या. टिक.

होळीपर्यंत त्याची पानं पिवळी पडायला लागली होती. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, एक्स-रे काढल्यासारखी. मी पाणी वाढवलं. पानं गळायला लागली. मी खत घातलं. उरलेलीही गळायला लागली. मग कॉलनीनं सल्ले सुरू केले. एकीनं ताक घालायला सांगितलं, एकीनं गंजलेले खिळे पुरायला, एकीनं तुरटी. समोरच्या बाईंनी दृष्ट काढायला सांगितली. मी चारही गोष्टी यादीत लिहिल्या आणि एकेक करून केल्या. दृष्टसुद्धा काढली. मोहरी-मिरच्या ओवाळताना नवरा खिडकीतून बघत होता. म्हणाला, "झाडाला एवढं? मला ताप आला तेव्हा गोळी पण माझी मीच घेतली होती."

अशात पुण्याहून नणंदेचा फोन आला, आई तिच्याकडेच होत्या. ऑपरेशन चांगलं झालं होतं, टाके निघाले होते, पण आई उठायला तयार नव्हत्या.

"वहिनी, व्यायाम करतच नाही ती. तो फिजिओवाला पोरगा रोज येतो बिचारा. त्याला म्हणाली, तू आधी लग्न कर, मग माझा पाय वाकव."

"मग चालतात कशा?"

"अनंताचं नाव काढलं की चालते. फुलायच्या आत घरी जायचंय ना, म्हटलं की वॉकर धरून दारापर्यंत जाते. डॉक्टर म्हणतात, आत्ता चालली नाही तर गुडघा कायमचा आखडेल. आमच्याकडं दुसरं काही औषध नाही बघ. झाड बरंय ना?"

मी ओट्यावर उभी होते. समोर एक काडी होती आणि तिच्यावर मोजकी, नाइलाजानं राहिलेली पानं.

"मस्त आहे," मी म्हणाले.

म्हणजे आईंचा गुडघा आणि हे झाड आता एकाच वायरवर होतं. त्या रात्री मी यादीत लिहिलं: अनंत, तातडीचं. आणि खाली काहीच लिहिता येईना. माझ्या याद्यांच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं.

मार्ग नवऱ्यानं काढला. आमचे हे फार विचार न करता मार्ग काढतात, म्हणून ते मार्ग फार लांब जात नाहीत. ते जालना रोडच्या एका नर्सरीत गेले आणि अनंताचं नवंकोरं रोप घेऊन आले. गोंडस, तेल लावल्यासारखं चकचकीत, बुटकं.

"रविवारी व्हिडिओ कॉलवर हे दाखवू. आईला चष्म्याशिवाय काय दिसतंय?"

"त्या चष्मा लावतील."

"लांबून दाखवू."

मला हे पटायला नको होतं. पण मी स्टोअरची बाई. एखादा पार्ट मिळत नसेल तर 'समतुल्य' चालतो, हे माझ्या हाडात भिनलंय. रविवारी आम्ही समतुल्य अनंत ड्रमच्या पुढे ठेवला, खरा अनंत कपडे वाळत घालायच्या स्टँडमागे लपवला आणि फोन लावला. नवरा फोन हातभर लांब धरून उभा.

आईंनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "हे कोण?"

"कोण म्हणजे? अनंत, आई."

"माझा नाय. तार कुठंय त्याची?"

"पानांमागं आहे, आई."

"पानांमागं! एवढी पानं कधी होती त्याला? अन् तेलकट कशानं दिसायलीत? मेलं का ते? खरं सांग रे, मेलं का?"

नवऱ्यानं फोन माझ्या हातात दिला. संकटात तो नेहमी एवढं करतो. मी स्टँड बाजूला सरकवला आणि खरं झाड दाखवलं.  मग स्क्रीनवर पुण्याच्या घराचं छत दिसायला लागलं. त्यांनी फोन पालथा न ठेवता नुसता मांडीवर टाकला होता. वरून आवाज आला, "आजपासून मी नाय उठत. त्या पोराला सांग, येऊ नको म्हणावं."

आणि त्या खरंच उठेनात. नणंदेचे फोन आता सकाळ-संध्याकाळ येऊ लागले. मी पहिल्यांदाच फोन वाजला की थोडी घाबरायला लागले.

उत्तर मला मिळालं ते बाथरूममध्ये. गिझर बंद पडला होता, म्हणून दुरुस्तीवाल्यानं तो उघडून कॉइल बाहेर काढली आणि फरशीवर ठेवली. तिच्यावर पांढरा, दगडासारखा थर चढला होता. मी चहा ठेवायला चालले होते ती थांबले. तो थर मला ओळखीचा होता. कारखान्यात बॉयलरच्या नळ्या उघडल्या की आत हाच थर असतो. म्हणून तर बॉयलरला साधं पाणी आम्ही कधी देत नाही. क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र माझ्याच कपाटात असतं, मीच ते सही घेऊन लोकांना देते. आणि हाच पांढरा थर आमच्या निळ्या ड्रमच्या काठाला, मातीच्या रेषेवर, गोल कंगोऱ्यासारखा चढला होता. इतके दिवस मी तो रोज फडक्यानं पुसत होते. स्वच्छता म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते यंत्र मीच माझी सही घेऊन घरी आणलं. बोअरचं पाणी वाईट होतं. आरओच्या बादलीतलं त्याहून वाईट. साहजिक आहे. मशीन गोडं पाणी आपल्याला देतं आणि सगळे क्षार त्या बादलीत टाकतं. कुठल्याही शाळकरी पोराला कळेल. बॉयलरला जे पाणी मी दाराशी सुद्धा येऊ दिलं नसतं, ते मी अनंतासारख्या आंबट मातीत रमणाऱ्या, नाजूक पोटाच्या झाडाला रोज तांब्यानं पाजत होते. आणि टिक करत होते.

मी आईंना फोन करून सगळं सांगितलं. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

"मशीनचं?" त्या म्हणाल्या. "त्याला तू मशीनचं उष्टं पाणी घातलं?"

"उष्टं नाही आई, क्षार असतात त्यात."

"क्षार-बिर मला नाय माहीत. मशीननं पिऊन थुंकलेलं पाणी. जे फूल मी डोक्यात घालते, त्याला थुंकीचं पाणी?"

"मग तुम्ही कोणतं घालत होतात?"

त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, "माठातलं."

आता कळलं. आमच्याकडे माठ नेहमी संपायचा. मी विचारलं की त्या म्हणायच्या, मला लई तहान लागते बाई. मी त्यांची साखर दोनदा तपासून आणली होती. रिपोर्ट नॉर्मल होते. फाइलमध्ये आहेत.

"आता ऐक," आई म्हणाल्या. "नवं हिरवं पान दाखव. मग मी उठते. आधी नाय."

"आधी उठा की. पान येईलच."

"यादीत लिहून घे. आधी पान."

वरची माती मी खरवडून काढली, नवी पोयट्याची माती आणि शेणखत घातलं. पण आत मुरलेले क्षार धुऊन काढायला भरपूर गोडं पाणी हवं होतं, आणि मग रोज थोडं थोडं. नेमकी त्याच आठवड्यात कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली आणि नळ गायब झाला. कॉलनीत टँकर यायला लागले. टँकरचं पाणी मी यंत्रानं मोजलं. तेही कुणाच्या तरी बोअरचंच. एवढ्या खाऱ्या पाण्यातून आमचं मशीन दिवसाला जेमतेम हंडाभर गोडं काढायचं, ते आम्हाला प्यायलाच पुरत नव्हतं. मी माझ्या वाटचं पाणी झाडाला घालायला लागले, तर दुपारी ऑफिसात चक्कर आली.

आणि मग मला शेजारचा एसी आठवला.

हा एसी म्हणजे माझ्या आयुष्यातला एक मोठा विजय होता. शेजारचे काका बसस्टँडवरच्या नोकरीतून रिटायर झालेले, काकू त्यांच्याहून करारी. त्यांच्या वरच्या खोलीच्या एसीची पाण्याची नळी आमच्या बोळात सोडलेली होती. एसीचं पाणी म्हणजे हवेतून पिळलेलं पाणी, क्षार नावालाही नाहीत. बॅटरीत घालतात तसलं. पण तेव्हा मला त्यात फक्त शेवाळ दिसलं. मी काकांशी उन्हाळाभर भांडले, कॉलनीच्या मीटिंगमध्ये ठराव मांडला, आणि शेवटी कारखान्यातल्या पेंटरकडून भिंतीवर लाल अक्षरात लिहून घेतलं: या बाजूला पाणी सोडू नये. काकांनी नळी आपल्या बाजूला वळवली. तेव्हापासून आमच्यात फक्त दिवाळीला हसणं होतं.

मी भिंतीपाशी गेले. काका पेपर वाचत बसले होते.

"काका, जरा काम होतं. तुमच्या एसीचं पाणी..."

"ओ मॅडम, आधी पाटी वाचून घ्या," काका पेपरातून वर न बघता म्हणाले. "आम्ही कायदा पाळणारी माणसं. त्या बाजूला एक थेंब सोडणार नाय."

"ती पाटी मी काढते."

"पेंटर बोलावून नाय काढायची. स्वतःच्या हातानं."

"स्वतःच्या हातानं."

"अन् ठराव?"

"ठरावही मागं घेते."

काकूंचा आतून आवाज आला. "अहो द्या की! झाडाला मागायली, हुंड्यात नाय मागत. अन् ऐक गं, फूल आलं की पहिलं आमच्या देवाला. बाळकृष्णाला अनंत वाहायचाय, माझं लई दिवसाचं मनात आहे."

मी हो म्हटलं. पहिलं फूल कुणाचं असतं हे मला माहीत होतं, पण झाडावर तेव्हा पानंच नव्हती. नसलेल्या फुलाचा शब्द द्यायला काय जातं?

"पण पाणी देऊ कुठून?" काका आता पेपर घडी करत म्हणाले. "एसी चालू कुठंय? जावयाचा एसी आहे तो."

हे खरं होतं. थोरल्या जावयानं पहिल्या उन्हाळ्यात सासुरवाडीला येऊन रात्रभर हुश्श हुश्श केलं, म्हणून काकांनी एसी घेतला. जावई आला की तो लागतो. जावई गेला की रिमोट काकूंच्या कपाटात, शालूच्या घडीत. काका-काकू स्वतः कूलरसमोर झोपतात. त्यांना तीन मुली, म्हणजे तीन जावई, आणि तिघंही एरवी वर्षात एकेकदाच येतात.

पण यंदा अधिक महिना होता, तोही ऐन उन्हाळ्यात. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घातल्याशिवाय सुटका नाही. पुरणाचे धोंडे, तूप, ताम्हनात अनारसे, कपडे. जावई जणू विष्णू. काकूंचा बेत तिघांनाही एकाच दिवशी बोलावून एकदाच पुरण शिजवायचा होता.

मी तिथंच भिंतीवर हात टेकून उभी राहिले. डोक्यात कॅलेंडर फिरलं.

"काकू, एकत्र बोलावू नका."

"का गं?"

"तिघं एका पंगतीला बसले की तुलना होते. याच्या ताटात किती अनारसे, त्याचा शर्ट कितीचा. घरी गेल्यावर तुमच्या मुलींना ऐकावं लागतं. एकेकाला वेगळं बोलवा. निवांत राहू द्या तीन-चार दिवस. सासरवाडीची ओढ लागली पाहिजे."

काका माझ्याकडे संशयानं बघत होते. काकूंना मात्र पटलं. "बरोबर बोलती ही. गेल्या खेपेला मधला रुसलाच होता." मी काकूंना तिघांचं वेळापत्रक लिहून दिलं, एक गेला की दुसरा, मध्ये फट नको. त्यांनी ते देवघरात लावलं. माझी यादी कुणीतरी देवाशेजारी लावली, हे मी नवऱ्याला आवर्जून सांगितलं. आणि संध्याकाळी खराट्यानं आणि तारेच्या ब्रशनं मी पाटी घासून काढली. काका खुर्ची टाकून बघत होते. "ते 'नये' राहिलंय बघा, उजव्या हाताला," अशी देखरेख चालू होती.

थोरला जावई आला. एसी लागला. मी भिंतीपलीकडे नळीखाली बादली लावून बसले. आमच्याकडची उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी की पिळायला एसीला आत काही सापडतच नाही. दिवसभरात जेमतेम तांब्याभर. पण ते तांब्याभर पाणी यंत्रानं मोजलं, आणि पडद्यावर आकडा शून्याच्या वर जाईना. मी ते झाडाला घातलं आणि टिक करायला विसरले. कधी नव्हे ते.

मधला जावई आला आणि त्यानं एसी बंद केला. त्याला सर्दीची प्रवृत्ती. खिडकी उघडून पंखा लावून झोपला. पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी मी काकूंना म्हटलं, आज भाजी मी पाठवते, तुम्ही दमलात. मी येसरची झणझणीत आमटी केली, आमच्या मराठवाडी हातानं, तेलाची तर्री वर. जावई लाजून दुसऱ्या वाटीला नाही म्हणू शकला नाही, तिसरीलाही नाही. दुपारी वरून त्याचा आवाज आला, "अहो, तो रिमोट कुठंय?" नवरा म्हणाला, "तू माणसं मारशील एका झाडापायी." मी म्हटलं, घाम आलाय, मेला नाही.

धाकटा जावई सगळ्यात गुणी निघाला. खातो, झोपतो, एसी सगळ्यात थंड करून पांघरूण घेतो. तोवर हवाही दमट व्हायला लागली होती. नळीला धार लागली. काठोकाठ भरलेली बादली मी भिंतीवरून उचलून घ्यायची आणि काका न चुकता म्हणायचे, "घ्या. आमच्या जावयाचा घाम."

त्याच आठवड्यात एका शेंड्यावर हिरवं टोक दिसलं. आधी मला वाटलं किडा आहे. चष्मा लावला. पान होतं, तांदळाएवढं. मी फोटो काढला, नणंदेला पाठवला आणि ऑफिसला गेले. दुपारी तिचा फोन. "वहिनी, फोटो बघून तिनं चष्मा मागितला. मग तार दाखवा म्हणाली." मी घरी धावत येऊन तारेच्या खुणेचा फोटो काढला. मग पान आणि तार एकाच फोटोत. दोन्ही खरं आहे हे सिद्ध झाल्यावर आईंनी फिजिओवाल्या पोराला परत बोलावलं. त्याला म्हणे विचारलं, लग्न जमलं का?

त्यानंतर दर नव्या पानाला एक फोटो, दर फोटोला एक फेरी. पुण्यात त्यांचं जे काही बरं झालं, ते असं पानापानानं झालं. आणि पानांमध्ये एक कळीही दिसली. एकच. ती मी कुणालाच सांगितली नाही. अनंताची कळी म्हणजे आश्वासन, फुलायच्या आत गळते.

अधिक महिना संपता संपता आई आल्या. वॉकर धरून ओट्याच्या पायऱ्या चढल्या. घरात न जाता आधी ड्रमपाशी. एका हातानं झाडाचं एकेक पान वाकवून बघितलं. "वाळलंय," म्हणाल्या. मग कळी दिसली.  तिथंच खुर्ची मागवली आणि चहा.

दोन दिवसांनी सकाळी कळी उमलली. आई ओट्यावर होत्या. अंबाडा घालून, आकडा हातात तयार. मी चहा खाली ठेवला.

"आई, एक सांगायचं होतं. हे फूल मी काकूंना कबूल केलंय. त्यांच्या देवाला. एसीच्या पाण्याच्या बदल्यात."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं वॉकर उचलून मारतील.

"माझं फूल तू विकलंस?"

"नाही तर झाड मेलं असतं, आई."

"अन् देवाला? त्यांच्या? ज्याला रोज पेढा असतो त्याला?"

 आई फुलाकडे बघत राहिल्या. मग हात लांब करून त्यांनी ते देठासकट खुडलं, नाकाशी धरलं, बराच वेळ. आणि म्हणाल्या, "शब्द दिला ना? मग दे. पण नेऊन मी देणार. तुझं काय, नुसतं ठेवून येशील अन् टिक करशील."

"मी वॉकर देते."

"एका हातात फूल, वॉकर कुठल्या हातानं धरू?"

काठी घेऊन त्या उठल्या. ओट्याच्या पायऱ्या, फाटक, रस्ता, काकांचं फाटक, त्यांचा ओटा. मी मागून चालत होते, हात पुढे करून, पडल्या तर धरायला. त्या पडल्या नाहीत. काकूंच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "घ्या हो. तुमच्या जावयांनी आणलंय."

मला वाटलं लगेच परततील. अर्धा तास झाला. तास झाला. मग वरच्या खोलीच्या खिडकीतून एसीचा घरघराट ऐकू आला. घरात जावई एकही नव्हता. काकूंनी रिमोट शालूतून काढला होता.

जेवायच्या वेळी आई परत आल्या, काठी टेकत, तोंडावर गार झोप. मागून काका येत होते, दोन्ही हातांनी बादली धरून, पाणी सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत.

"तिथं ठेवा," आईंनी ड्रमकडं काठीनं दाखवलं. "अन् उद्या सकाळी परत येते मी. एसी लावून ठेवा."